कॅन्सर पेशंट नॅव्हिगेटरांचं नेटवर्क: ठाणे आणि नवी मुंबईत काम करणाऱ्यांनी त्यात कसं यावं आणि कसं टिकावं

ठाण्या-नवी मुंबईत कुणी 'टाटाला जायचंय' म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, कोणत्या? परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटाचंच कॅन्सर उपचार-संशोधन केंद्र) या दोन्ही जागांना लोक 'टाटा'च म्हणतात. शहापूरजवळच्या आसनगावहून पहाटेची लोकल पकडून माणूस परळला पोचतो, आणि चिठ्ठीवरची तारीख खारघरची निघते. एक दिवस गेला, दोघांची मजुरी बुडाली, पुढची तारीख आठवड्यानंतरची. आदल्या संध्याकाळी कुणीतरी चिठ्ठी वाचून एक फोन केला असता तर हे टळलं असतं. पेशंट नॅव्हिगेटरचं निम्मं काम असल्या फोनचं असतं. तो फोन पलीकडे कुणी उचलावा, उचलून नीट उत्तर द्यावं, यासाठी नेटवर्क लागतं.

हा लेख हॉस्पिटलातले मेडिकल सोशल वर्कर, ऑन्कॉलॉजी वॉर्डातल्या नर्स, संस्थांचे कार्यकर्ते, योजनांच्या टेबलावर बसणारे आणि या कामात नव्याने आलेले अशा सगळ्यांसाठी आहे. हुद्द्याचं नाव काहीही असो, पेशंटला एका खिडकीपासून पुढच्या खिडकीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल तर तुम्ही नॅव्हिगेटर आहात.

आधी एक पान लिहून काढा

कुणाला भेटायच्या आधी आपल्या कामाचं एक पान तयार करा. अमेरिकेत डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये हार्लेममध्ये हे काम सुरू केलं, आणि त्यांनी मांडलेलं एक तत्त्व पक्कं आहे: नॅव्हिगेशन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठरलेलं हवं. (त्या हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. त्यात मोफत तपासणीचाही मोठा वाटा होता. तो न सांगता नुसते आकडे फेकणारे बरेच भेटतात.)

पानावर पाच गोष्टी पुरतात. पेशंट तुमच्याकडे कोणत्या टप्प्यावर येतो: संशय असताना, बायोप्सीनंतर, की उपचार चालू असताना. तुम्ही त्याला कुठे सोडता. महिन्याला किती पेशंट हाताळता. तुम्ही काय करत नाही. आणि तुमच्या वरचं माणूस कोण.

यातला चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रिपोर्टचा अर्थ लावणं, स्टेज सांगणं, अमुक केमो बरी की तमुक हे सांगणं, औषधाचा डोस बदलायला सुचवणं ही नॅव्हिगेटरची कामं नाहीत. 'हा प्रश्न डॉक्टरांना कसा विचारायचा' हे सांगणं मात्र आपलं काम आहे. ही रेषा लिहून ठेवणाऱ्या माणसावर डॉक्टर लवकर विश्वास टाकतात.

कोणती दारं उघडी आहेत

पहिलं दार घराजवळचंच आहे. टाटा मेमोरियल सेंटर आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून 'केवट' नावाने पेशंट नॅव्हिगेशनचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम उभा केला. रामाला नदीपार नेणारा केवट म्हणून हे नाव. नव्याने शिरणाऱ्याला याहून सरळ वाट नाही, कारण वर्गातल्या अभ्यासाइतकंच प्रत्यक्ष हॉस्पिटलातलं काम त्यात आहे आणि सोबत शिकलेली माणसं पुढे वेगवेगळ्या हॉस्पिटलांत जाऊन बसतात. पात्रता आणि शुल्क त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा, जुन्या फॉरवर्डवर जाऊ नका. कोर्स करायचा नसला तरी आपल्या पट्ट्यात कोण केवट काम करतात याची यादी करा.

दुसरं दार नॅशनल कॅन्सर ग्रिडचं. २०१२ पासूनच्या या जाळ्यात देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं आहेत. इथे सभासद संस्था असते, व्यक्ती नाही. त्यामुळे अर्ज शोधत बसू नका. आपलं हॉस्पिटल ग्रिडमध्ये आहे का आणि तिथला संपर्क कोणाकडे आहे हे ऑन्कॉलॉजी विभागात विचारा. ग्रिडची उपचार-मार्गदर्शक तत्त्वं इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेत. उपचार सुचवायला ती वापरायची नाहीत. पण तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी आणि नंतर साधारण कोणकोणत्या पायऱ्या लागतात, हे कळण्यासाठी तुमच्याकडे येणाऱ्या कर्करोगांपुरती तरी वाचून ठेवा.

तिसरं, इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेसाठीची संघटना. १९९४ पासूनची ही संघटना नर्स, समाजसेवक आणि स्वयंसेवकांनाही व्यक्तिशः सभासद करून घेते आणि दरवर्षी परिषद भरवते. वेदना, घरची शुश्रूषा, मॉर्फिन कुठे मिळतं हे प्रश्न तुमच्याकडे येणार असतील, आणि येतातच, तर ही ओळख आधीच करून ठेवा.

अमेरिकेतली अ‍ॅकॅडमी ऑफ ऑन्कॉलॉजी नर्स अँड पेशंट नॅव्हिगेटर्स ही २००९ ची संघटना. नर्स असलेल्या आणि नसलेल्या नॅव्हिगेटरांसाठी तिची वेगवेगळी प्रमाणपत्रं आहेत आणि कामाची मोजमापं तिने फार नीट मांडली आहेत. तिचे वेबिनार तिथल्या दुपारी होतात. न्यूयॉर्कचे दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. दिवसभर ओपीडी केल्यावर हे जमतं का, ते फी भरण्याआधी बघा. तिथली विम्याची, बिलिंगची चर्चा सोडून द्यायची. २०२४ पासून तिथला सरकारी मेडिकेअर विमा नॅव्हिगेशनचे पैसे वेगळे देतो. आपल्याकडे हा पगार हॉस्पिटल, ट्रस्ट किंवा संस्था देते. संवाद, नोंदी, कामाच्या सीमा हे भाग मात्र जसेच्या तसे उपयोगी पडतात.

स्थानिक माणसांपर्यंत पोचणं

मोठ्या संघटनांचं सभासदत्व आठवड्यात मिळतं. फोन उचलणारी दहा माणसं जोडायला वर्ष लागतं, आणि पेशंटला उपयोग या दहांचाच होतो.

सुरुवात हॉस्पिटलांच्या समाजसेवा विभागापासून करा. सोमवारी सकाळी जाऊ नका. दोन दिवसांचे तुंबलेले पेशंट असतात. बुधवार-गुरुवारी, दुपारी तीननंतर, आधी फोन करून जा. दहा मिनिटांचा वेळ मागा आणि दहाव्या मिनिटाला उठा. 'मला तुमच्या ग्रुपमध्ये घ्या' हे पहिल्या भेटीत बोलूच नका. ते पान द्या आणि विचारा, "तुमच्याकडून बाहेर पाठवलेले पेशंट कुठे अडकतात?" हा प्रश्न सहसा त्यांना कुणी विचारलेला नसतो. उत्तर वहीत लिहून घ्या. पंधरा दिवसांत त्यातल्या एका अडचणीवर काहीतरी घेऊन परत जा.

सरकारी योजनेतल्या हॉस्पिटलात पेशंटला मदत करायला बसणारे आरोग्यमित्र या कामात फार मोलाचे, आणि त्यांनाच नेटवर्कमधून वगळलं जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटलं विशेषतेनुसार जोडलेली असतात. 'हे हॉस्पिटल योजनेत आहे' एवढं ऐकून पेशंट पाठवला, आणि तिथे ऑपरेशन योजनेत होतं पण रेडिएशनचं मशीनच नाही, असं हमखास घडतं. कोणत्या हॉस्पिटलात कशासाठी मंजुरी होते, प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी) कोणत्या कागदावर अडते, रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावात किती फरक चालवून घेतात, हे आरोग्यमित्राला तोंडपाठ असतं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे, पण जागेवरचा माणूस ओळखीचा असला की एक चक्कर वाचते.

रिकाम्या हाताने जाऊ नका: तपासलेली यादी

नव्या माणसाला नेटवर्कमध्ये जागा मिळवून देणारी एक वस्तू सांगायची तर ती म्हणजे खरोखर तपासलेली यादी. नावं आणि नंबर सगळ्यांकडे असतात, त्यातले निम्मे बंद पडलेले.

पंचवीस नोंदींपासून सुरू करा. प्रत्येक नोंदीपुढे शेवटचं कधी तपासलं ती तारीख आणि कोणी तपासलं त्याचं नाव. तीन महिन्यांहून जुनी नोंद दिसली की फोन केल्याशिवाय ती पेशंटला द्यायची नाही. राहण्याच्या सोयीची नोंद कशी असावी ते बघा. 'धर्मशाळा, दादर' एवढ्याने काही कळत नाही. तिथे हॉस्पिटलचं पत्र लागतं का आणि ते कोणत्या खिडकीवर मिळतं, अनामत किती, जास्तीत जास्त किती दिवस राहता येतं, सोबत किती माणसं चालतात, स्वयंपाक करू देतात का, लिफ्ट आहे की जिने, आणि कमोड आहे की भारतीय संडास. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं रेडिएशन चालू असलेल्या बाईला दिवसातून आठ वेळा बसावं लागतं, तेव्हा कळतं.

यादीत एक फट हमखास राहते, ती जिल्ह्याच्या सीमेची. नवी मुंबई म्हणून आपण एकच शहर धरतो, पण वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, तर खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेच्या हद्दीत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नेरूळच्या माणसाला ठाणे तालुका, खारघरच्या माणसाला पनवेल तालुका. चुकीच्या तहसीलला पाठवलेला नातेवाईक अख्खा दिवस घालवून येतो आणि नंतर तुमचं ऐकत नाही. म्हणून यादीत कागदपत्रांचा भाग तालुक्यानुसार वेगळा ठेवा.

प्रवासाचाही एक तक्ता हवा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला त्याच वर्गात ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र लागतं. लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सर पेशंटला जाता येतं, फक्त कागद जवळ हवा, नाहीतर डब्यातच वाद होतो. कसारा मार्गावरून खारघरला जाणाऱ्याने ठाण्याला ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी धरायची. परळला जाणाऱ्याला फास्ट लोकलने दादरला उतरून मागे-पुढे करण्यापेक्षा ठाण्याहून परळला थांबणारी स्लो लोकल सोपी.

पेशंट पुढे पाठवायची रीत

नेटवर्कमधली तुमची पत तुम्ही पाठवलेल्या मेसेजवर ठरते. वाईट मेसेज सगळ्यांच्या ओळखीचा आहे: "अर्जंट!! एक गरीब पेशंट आहे, टाटात कुणी ओळखीचं आहे का? प्लीज हेल्प." सोबत आधार कार्डाचा फोटो. वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही, म्हणून कुणीच काही करत नाही.

नीट मेसेज असा असतो (टी-०७ हा नावाऐवजी पेशंटचा कोड):

"टी-०७. बाई, वय ५२, शहापूर तालुका. गालाच्या आतला कॅन्सर, ऑपरेशन १२ मार्चला झालं, जखम भरली. डॉक्टरांनी रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू करायला लिहिलंय, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत. ३० वेळा, आठवड्यातून पाच दिवस. केशरी रेशन कार्ड, आधारवर आडनाव माहेरचं, दुरुस्तीचा अर्ज दिलाय, पावती आहे. हवं: खारघरजवळ दोघांना दीड महिना जागा. नाहीतर ठाणे-कळवा पट्ट्यात योजनेतून रेडिएशन. माहिती द्यायला पेशंटची स्वतःची संमती घेतली आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा."

यातल्या २३ एप्रिल या तारखेने सगळा फरक पडतो. तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा दंडक आहे. उशीर झाला तर कॅन्सर उलटण्याचा धोका वाढतो. तारीख लिहिली की समोरच्याला घाई का ते कळतं, आणि 'अर्जंट' लिहायची गरज उरत नाही. आसनगावहून खारघरला रोज येऊन-जाऊन तीस दिवस काढणं तब्येतीच्या आणि पैशाच्या दोन्ही हिशोबाने अवघड, म्हणून जागेची मागणी आधी, हेही मेसेजमधून आपोआप कळतं.

पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना तीन गोष्टी हातात असल्याची खात्री करा: बायोप्सीचा तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड, स्कॅनची सीडी (नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही) आणि डिस्चार्ज कार्ड. नवं हॉस्पिटल स्लाइड पुन्हा बघतं, ब्लॉक नसले की काम तिथेच थांबतं. ब्लॉक परत घेताना लॅबला अर्ज द्यावा लागतो, काही ठिकाणी अनामतही. हे काम आधीच्या नॅव्हिगेटरचं. पुढच्यावर ढकललं की तो पुढच्या वेळी तुमचा फोन उचलताना विचार करतो.

आणि पोच द्या. काम झालं की "टी-०७ चं रेडिएशन १९ तारखेला सुरू झालं" एवढी एक ओळ. ही ओळ न पाठवणाऱ्यांना लोक हळूहळू उत्तर द्यायचं सोडतात, कुणी तसं बोलून दाखवत नाही.

ग्रुपचे नियम

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. तो बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या आजाराची माहिती चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकणं बरं नाही, हे वेगळं सांगायला नको. नाव नाही, कोड. आधार, फाइलचं पहिलं पान, चेहऱ्याचा फोटो कधीच नाही. ज्याला केस घ्यायची त्याने खासगीत फोन करायचा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय सात दिवसांवर ठेवा, आणि प्रत्येकाने फोटो गॅलरीत आपोआप सेव्ह होणं बंद करायचं. घरातल्या पोराच्या हातातल्या मोबाइलमध्ये कुणाच्या जखमेचा फोटो दिसायला नको.

पैसे ग्रुपवर गोळा करायचे नाहीत. मदत हवी असेल तर नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यात, हॉस्पिटलच्या एस्टिमेटसह. एकदा कुणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर पैसे गेले की हिशोबाचे प्रश्न सुरू होतात आणि चांगली माणसं आधी बाहेर पडतात.

कट, म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन, हा शब्द बैठकीत उघडपणे उच्चारा. एखादा सभासद दर वेळी एकाच खासगी हॉस्पिटलचं नाव सुचवतो असं दिसलं तर सरळ विचारा. पेशंट पाठवण्याबद्दल कुणाकडूनही काही घेत नाही, असं प्रत्येकाकडून सुरुवातीलाच लिहून घेतलेलं बरं.

आपल्या पट्ट्यात गट नसेल तर

सहा ते आठ जणांनी सुरू करा, चाळीस नको. दोन हॉस्पिटलं, एक आरोग्यमित्र, एक पॅलिएटिव्ह केअरची नर्स, एक-दोन संस्था. महिन्यातून एकदा, तिसऱ्या शनिवारी दुपारी चार ते साडेपाच. एक महिना ठाणे, एक महिना वाशी किंवा नेरूळ, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा. एकाच खासगी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये दर वेळी भेटलात तर गट त्या हॉस्पिटलचा म्हणून ओळखला जाईल.

बैठकीत दोनच केस, प्रत्येकी वीस मिनिटं. मांडणाऱ्याने पाच मिनिटांत पेशंट कुठे अडकला ते सांगायचं, डॉक्टरांच्या चुका मोजत बसायचं नाही. सहाव्या मिनिटाला गाडी हमखास 'सिस्टिमच अशी आहे'वर येते. चालवणाऱ्याने तिला परत रुळावर आणायचं: पुढच्या वेळी याच ठिकाणी कुणाला फोन करायचा? उत्तर यादीत लगेच चढवायचं. 'आजीला कॅन्सर आहे हे सांगू नका' अशी घरच्यांची विनंती हा विषय वर्षातून एकदा तरी घ्या. आपल्या घरांत ती इतकी सर्रास असते की तिला ठरलेलं उत्तर नाही, आणि इतरांनी ती कशी हाताळली हे ऐकून खूप शिकायला मिळतं.

कामाच्या नोंदी चार रकान्यांत पुरतात: बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत किती दिवस, कुठे अडकलं, कशाने सुटलं, उपचार पुरा झाला की मध्येच सुटला. सहा महिन्यांच्या साठ-सत्तर नोंदी जमल्या की हॉस्पिटलच्या व्यवस्थापनासमोर पगाराची, जागेची, दुसऱ्या माणसाची मागणी करता येते. परिषदेत पोस्टर मांडायचं असेल तर नोंदी गोळा करण्याच्या आधीच हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे जा. नंतर मागितलेली परवानगी सहसा मिळत नाही.

केमो चालू असलेल्या पेशंटला ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला तर त्याने तुम्हाला फोन न करता थेट कॅज्युअल्टी गाठायची, हे प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी लिहून द्या. एवढं केलं की रात्रीचे निम्मे फोन कमी होतात. उरलेल्यांसाठी गटात पाळी लावा: रात्री आठनंतर एका आठवड्याला एकच माणूस. पाळी नसलेल्याने फोन बंद ठेवला तर त्याला कुणी बोल लावायचा नाही.

गटातला माणूस नोकरी बदलून जातो तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या ओळखीही जातात. म्हणून जाण्याआधी दोन आठवडे त्याने आपली यादी आणि चालू केसची वही दुसऱ्याच्या हाती द्यायची, महत्त्वाच्या तीन-चार माणसांशी नव्याची प्रत्यक्ष गाठ घालून द्यायची आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन बदलायचा. हा शेवटचा मुद्दा हमखास विसरला जातो, मग महिनोन्‌महिने नव्या माणसाला ग्रुपमध्ये घ्यायला कुणीच नसतं.